काळी तीनमधलं गाणं

"पुन्हा," झेलनिक म्हणाले.

मी पुन्हा म्हटलं. पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसऱ्या ओळीतला छोटासा हेलकावा आणि अगदी शेवटी वरच्या षड्जाला जाऊन भिडणारी ती उडी. त्यांनी श्वास जिथे घेतला होता, तिथेच मीही घेतला.

"नाही."

"काय नाही?"

"हे नाही."

"मिस्टर झेलनिक, तुम्ही म्हटलंत तेच मी म्हटलं. सूर न् सूर तोच."

"तेच तर!" ते काठी आपटून म्हणाले. "तेच तर म्हणतोय मी!"

मी हातातला कप खाली ठेवला. मिरजेत नगरपालिकेच्या शाळेत मुलांना गाणं शिकवण्यात माझी हयात गेली. वर्गात पन्नास पोरं, एक पेटी, तिचाही भाता फाटका. पण मी कधी कुणा पोरावर ओरडले नाही. मूल चुकलं तर हसून पुन्हा म्हणायचं, बस. तो सगळा साठवलेला संयम न्यूयॉर्कमधल्या त्या चौथ्या मजल्यावर, नव्वदी ओलांडलेल्या एका म्हाताऱ्यासमोर, तूप वितळावं तसा वितळत होता.

त्या वर्षी मी सहा महिन्यांसाठी श्रीरंगकडे, माझ्या मुलाकडे, गेले होते. श्रीरंग, सून वैजयंती, म्हणजे आमची वैजू, आणि आठ वर्षांची नात केतकी. सकाळी तिघं बाहेर पडली की घरात मी आणि फुसफुसणारा रेडिएटर. सोबत लहानशी पेटी नेली होती. पहिल्याच आठवड्यात रियाजाला बसले, तर पलीकडून भिंतीवर ठक ठक ठक. मी घाबरून पेटी बंद केली. जरा वेळाने दाराची घंटा वाजली. समोर एक वाळकुडा म्हातारा, अंगात स्वेटर, पायात सपाता.

"बंद का केलंत?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला त्रास झाला ना?"

"त्रास? अहो, तुम्ही माझ्या पट्टीत गाताय!"

आमच्याकडे पेटीवरचा सूर सांगताना काळी एक, काळी दोन, पांढरी चार असं म्हणतात. तरुणपणी माझा आवाज चढा होता. वय झालं तसा उतरत काळी तीनवर येऊन थांबला. झेलनिक जन्मभर त्याच पट्टीत वाजवत आले होते. त्यांना दुसरी पट्टी येतच नव्हती. शिकले नव्हते कुठे. बोटं पडत ती काळ्या पट्ट्यांवर. त्यांनी मला घरात नेऊन पियानो दाखवला. खाली एक दांडा होता. तो सरकवला की बोटं तिथेच आणि सूर मात्र दुसरे.

"लोक याला लबाडी म्हणायचे," ते म्हणाले.

"आमच्याकडे अशा पेट्या दुकानात मिळतात," मी म्हटलं. "स्केल-चेंजर म्हणतात. कुणी लबाड म्हणत नाही."

तेव्हापासून ते मला 'प्रोफेसर' म्हणायला लागले. त्यात आदर किती आणि टोमणा किती हे मला कधी कळलं नाही.

हे झेलनिक कोण ते मला श्रीरंगने सांगितलं. "आई, अगं, फेरीबोटीचं ते गाणं त्यांचं आहे! इथल्या प्रत्येक माणसाला पाठ असतं." शेकडो गाणी त्यांनी केली होती. सिनेमात, नाटकांत, रेडिओवर. शब्दही त्यांचे आणि चालही. एक ओळ नोटेशन मात्र लिहिता येत नव्हतं. ते गाऊन दाखवायचे आणि पगारी माणूस उतरवून घ्यायचा. तो माणूस गेला, पत्नी फ्लोरा गेली, मग गाणीही थांबली. किती वर्षं थांबली होती ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आता केतकीच्या शाळेने वसंतातल्या कार्यक्रमासाठी त्यांच्याकडे गाणं मागितलं होतं, आणि या गृहस्थांनी मुख्याध्यापिकेला सांगून टाकलं होतं की नवं गाणं देतो. शुक्रवारी सकाळी शाळेतल्या संगीताच्या बाई, मिस कॅलहन, येऊन ते उतरवून घेणार होत्या.

त्या रविवारी त्यांची पुतणी रूथ आली होती. साठीची बाई, हातात कायम गाडीच्या किल्ल्या. मीही तिथे होते. थालीपीठ द्यायला गेले होते.

"अंकल हॅरी, शुक्रवारपर्यंत झालं नाही तर मी शाळेला फोन करीन," ती म्हणाली. "फेरीबोटीचं गाणं म्हणू दे मुलांना. सगळे खूश होतील."

"ते त्यांना येतं."

"मग चांगलंच आहे की!"

"रूथ, ते त्यांना जन्मापासून येतं. त्यात मी लागतो कशाला?" त्यांनी थालीपीठाचा तुकडा मोडला. "माझ्यात अजून एक आहे का नाही, एवढंच मला बघायचंय."

रूथने माझ्याकडे पाहून खांदे उडवले. जाताना दारात हळूच म्हणाली, "त्यांना फार ताणू नका. नाही जमलं तर मनाला लावून घेतील. एकदा असं झालंय, तेव्हा महिनाभर जेवले नव्हते."

म्हणून मी रोज दुपारी जात होते. नाहीतर मला काय हौस होती?

गाणं तसं साधं होतं. शाळा सुटल्यावर एक मूल घरी निघालंय. वाटेत त्याला कुत्रा दिसतो, डबकं दिसतं, मिठाईच्या दुकानाची काच दिसते, आणि दर कडव्याच्या शेवटी ते म्हणतं, आलोच, एवढं वळण संपलं की घर. 'घर' हा अगदी शेवटचा शब्द, त्यांच्या भाषेत 'होम', आणि तो थेट वरच्या षड्जावर. चाल निव्वळ काळ्या पट्ट्यांची. नुसत्या काळ्या पट्ट्या ओळीने वाजवल्या की भूप राग होतो. मिरजेत मी मुलांना आधी भूपच शिकवायचे. त्यात मध्यम नाही, निषाद नाही. चुकायला जागा कमी. मला तर ते गाणं पहिल्याच दिवशी पाठ झालं.

आणि तिथेच सगळं बिनसलं.

ते गायचे आणि मला म्हणायला सांगायचे. मी म्हणायचे. ते मान हलवायचे. काय चुकलं ते सांगायचे नाहीत. मंगळवारी त्यांनी तिसरी ओळ बदलली, बुधवारी परत पहिल्यासारखी केली. मी ती बदललेलीही तंतोतंत म्हणून दाखवली आणि परत केलेलीही.

"तुम्ही फोटो काढता, प्रोफेसर," ते म्हणाले.

"आमच्याकडे शिकवतातच तसं. आमचे बुवा एक तान म्हणायचे. ती तशीच्या तशी आली नाही तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत तीच तान."

"आणि तशीच्या तशी आली की?"

"मग पुढची."

"देवा रे," ते म्हणाले. "बरं, असं करा. आज घरी जाऊन हे विसरा. उद्या म्हणा."

"विसरू? ठरवून?"

"माणसं विसरतात हो! सगळं जग विसरतं!"

"मी विसरत नाही."

बुधवारी रात्रीपर्यंत मी खरोखर प्रयत्न केला. अभंग म्हटले, केतकीला पाढे म्हणायला लावले. गुरुवारी दुपारी गेले तर गाणं जागच्या जागी, एक श्रुतीही हललेली नाही. मग मला वाटलं, म्हाताऱ्याला बदल हवाय ना, घे. दुसऱ्या ओळीत मी आपणहून एक मुरकी घातली.

त्यांनी तोंड आंबट केलं. "हे तुम्ही मुद्दाम केलंत."

"मग काय करू? बरोबर म्हटलं तर नाही, चूक म्हटलं तर नाही!"

"चुकासुद्धा तुम्ही बरोबर करता!" ते ओरडले. "तुमच्यासारख्या शहाण्या माणसाचं मी करू काय?"

"दुसरं कुणी बघा!" मीही ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा असं ओरडले असेन, आणि तेही इंग्रजीत. "मी जाते. तुमच्या रूथला सांगा, म्हणू देत मुलं फेरीबोटीचं गाणं!"

बोलून गेले आणि त्यांचा चेहरा पाहिला. एवढंसं तोंड झालं होतं. हात पियानोच्या पट्ट्यांवर होते पण वाजवत नव्हते. मला जाववेना. रेडिएटरमुळे खोली तापली होती म्हणून त्यांनी जिन्याकडचं दार उघडंच ठेवलं होतं. मी नुसती त्या दाराकडे बघत उभी राहिले.

तेवढ्यात तळघरातून कपडे धुऊन वैजू वर आली. तिची त्या दिवशी सुट्टी होती. ती इस्पितळाच्या लॅबमध्ये काम करायची. दिवसभर उभं राहून पाय सुजायचे तिचे. गाण्याशी तिचं वाकडं नव्हतं, पण संबंधही नव्हता. आरतीतसुद्धा ती फक्त टाळ्या वाजवायची. कालच मला म्हणाली होती, "आई, रात्री घरी आलं की भिंतीतून आठवडाभर तेच ऐकू येतंय. लॅबमध्ये नळ्या धुताना पण डोक्यात तेच चालू!"

कपड्यांची टोपली कमरेवर, एका हाताने पर्समध्ये किल्ली शोधत ती तेच गुणगुणत होती. शब्द अर्धे खाल्लेले. माझ्या कानाला ते अर्थातच लागलं. तिसऱ्या ओळीतला हेलकावा गायब. आणि शेवटची उडी तर मारलीच नाही; म्हणजे मारली, पण षड्जापर्यंत पोचली नाही. अलीकडेच, निषादावर, क्षणभर लोंबकळली आणि दमून धैवतावर उतरली. भूपात निषाद! मिरजेच्या वर्गात असतं तर मी खडू खाली ठेवून म्हटलं असतं, बाळ, अजून थोडं वर.

मागे पियानोचं स्टूल करकरलं.

"कोण आहे ती?" झेलनिक उभे राहिले होते. काठी न घेता.

"माझी सून. तिला गाता येत नाही. तुम्ही लक्ष देऊ नका..."

"गाता येत नाही?" ते दोन पावलं पुढे आले. "खरंच येत नाही? नक्की?"

"अजिबात."

"मग हा आठवडाभर तिला कुठे लपवून ठेवली होतीत?"

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"मी अठरा वर्षांचा असताना गाण्यांच्या दुकानात होतो," ते घाईघाईने सांगू लागले. "दिवसभर पियानोवर नवी गाणी वाजवायची. गिऱ्हाईक ऐकायचं आणि निघायचं. मी उठून दारापर्यंत मागे जायचो. ते रस्त्यावर काय गुणगुणतं ते ऐकायला. नेहमी चूक! दर वेळी चूक. आणि ती चूक माझ्या गाण्याहून बरी. मग मी ती ठेवायचो. पुढे फ्लोरा आली. तिला एक सूर नीट लागत नसे. मी वाजवायचो आणि ती भांडी घासायची. दोन दिवसांनी तिच्या तोंडात जे उरायचं तेच गाणं. फेरीबोटीचं गाणं तुम्हाला काय माझं वाटलं?"

इतके दिवस मला वाटत होतं, हे माझी परीक्षा घेताहेत. आणि मी पैकीच्या पैकी गुण मिळवत होते.

"हे आधी नाही का सांगायचं?" मी म्हटलं.

"सांगितल्यावर कुणी चुकतं का? बोलवा तिला!"

मी वैजूला हाक मारली. ती टोपली घेऊनच आत आली, केस विस्कटलेले, चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह.

"काय झालं आई? बरं नाही का त्यांना?"

"अगं, तू आत्ता म्हणत होतीस ना, ते म्हण म्हणतात."

"मी? कुठे काय म्हणत होते?"

"गुणगुणत होतीस."

"छे हो!" ती लाजून लाल झाली. "माझं काय ऐकायचंय त्यात? तुम्ही म्हणा ना."

"वैजू, मुकाट्याने म्हण."

तिने टोपली खाली ठेवली. दोन्ही हात पुढे बांधले, शाळेतल्या कवितापाठासारखे. डोळे मिटले. आणि काय सांगू, बाईने आठवडाभर भिंतीतून ऐकलेलं ते गाणं सगळा जीव एकवटून बरोबर म्हटलं. हेलकाव्यासकट! शेवटी टाचा उंचावून, मान ताणून थेट षड्जाला हात लावला. फाटका लागला, पण लागला.

डोळे उघडून ती माझ्याकडे बघून हसली. "जमलं ना?"

झेलनिक मटकन स्टुलावर बसले.

"तसं नाही," ते म्हणाले. "मघाचं. बाहेरचं."

वैजूने पुन्हा म्हटलं. पुन्हा बरोबर. तिसऱ्यांदा तर आणखी बरोबर. मला तिची पाठ थोपटावी की कपाळावर हात मारून घ्यावा कळेना.

"मला नाही जमत, आई," ती खाली मानेने मला म्हणाली. "त्यांना सॉरी सांगा. भात लावायचाय." आणि टोपली उचलून निघून गेली. त्यांना आपलं गाणं आवडलं नाही एवढंच ती बिचारी समजली.

झेलनिक पट्ट्यांवर तो सूर शोधत होते. काळ्या पट्टीवरून काळ्या पट्टीवर बोट जात होतं. "शेवटी काहीतरी केलं तिने... खाली आली... पण कुठून? कान गेलेत माझे. गेलं. गेलं ते."

"गेलं नाही," मी म्हटलं.

"तुम्हाला काय ठाऊक?"

मी म्हटलं. पहिली ओळ वैजूने खाल्लेल्या शब्दांसकट. तिसरी ओळ हेलकाव्याशिवाय, सपाट. टोपली सावरताना मधेच तिने घेतलेला श्वासही. आणि शेवटी 'होम'. वर जाता जाता निषादावर अडकले, क्षणभर तिथेच राहिले आणि दमल्यासारखी धैवतावर उतरले.

झेलनिकांनी पट्ट्यांवरून बोट उचललं. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "पुन्हा."

मी म्हटलं. अगदी तसंच. मला दुसरं येतच नव्हतं.

"पट्टी कुठली ती? शेवटून दुसरी?"

"ती काळ्यात नाही मिळणार. तुमच्या बोटाशेजारची पांढरी."

त्यांनी पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवलं. दाबलं. आणि ते बोट तसंच दाबून इतका वेळ बसून राहिले की सूर विरून खोलीत फक्त रेडिएटरचा आवाज उरला.

शुक्रवारी मिस कॅलहन आल्या. झेलनिक गाऊन दाखवायला लागले की शेवटी सवयीने वरच जात. मग मी म्हणायचे आणि त्या लिहायच्या. त्यांनी दोनदा पेन्सिल थांबवून विचारलं, "इथे नक्की असंच आहे? की वर जायचंय?"

"असंच आहे," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

मुलांना बसवायला मी शाळेतही गेले. कार्यक्रमापर्यंत रोज दुपारी जात होते, आणि इतकं उलटं काम मी उभ्या जन्मात केलं नव्हतं. मुलांचे गळे चांगले, मोकळे. निषादावर आले की षड्ज त्यांना समोर दिसायचा आणि ती आनंदाने वर उडी मारायची. मग मी हात वर करून सांगायचे, "नाही बाळांनो. तिथवर जायचं नाही. थोडं अलीकडेच थांबायचं."

"पण मग ते घरी पोचत नाही," पुढच्या रांगेतला एक पोरगा म्हणाला. केतकीने त्याला कोपर मारलं.

"नाही पोचत," मी म्हटलं. "वळणावरच आहे तो अजून."

याच्यावर तो बराच विचार करत उभा राहिला. त्यानंतर मात्र त्याने ती जागा कधी चुकवली नाही.

कार्यक्रम शाळेच्या व्यायामशाळेत होता. घडीच्या खुर्च्या, कोंदट हवा, मागे श्रीरंग कॅमेरा घेऊन उभा. झेलनिक सूट घालून आले होते. तो आता त्यांना फार मोठा होत होता. त्यांच्या एका बाजूला रूथ, दुसऱ्या बाजूला मी, माझ्या पलीकडे वैजू. ती ड्यूटी बदलून आली होती, अंगातून अजून औषधांचा वास येत होता.

मुलं गायली. कुत्रा झाला, डबकं झालं, मिठाईचं दुकान झालं. शेवटी सगळी पोरं एकदम वर निघाली, अलीकडेच थबकली आणि हळूच खाली आली. पुढे अजून काहीतरी आहे असं वाटून लोक थांबले होते. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळी व्यायामशाळा दणाणून गेली. रूथने किल्ल्या मांडीवर टाकल्या आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवायला लागली.

वैजू माझ्या कानाशी वाकली. "किती गोड म्हटलं हो मुलांनी! फक्त शेवटी सगळी एकदम घसरली, नाही का आई?"

मी डोळे मिटून घेतले. तिला मी चारदा तरी समजावून सांगितलं होतं. दर वेळी ती म्हणायची, काहीतरीच हं आई, मी तर त्यांच्यासमोर बरोबर म्हटलं होतं.

"काय म्हणते ती?" झेलनिकांनी विचारलं.

"म्हणते, मुलं शेवटी चुकली."

ते पुढे वाकले आणि माझ्यापलीकडे वैजूकडे पाहिलं. तिच्या हातात रुमाल होता, नाक लाल झालेलं, आणि डोळे तिने नुकतेच पुसले असले तरी परत भरून येत होते.

"मिसेस दांडेकर," त्यांनी तिला विचारलं, "रडू कुठे आलं?"

"तिथेच की," वैजू जराशी चिडूनच म्हणाली, आणि पुन्हा रुमाल डोळ्यांना लावला.